कोण शोधतंय, तेही कळू दे!

‘प्रायव्हेट डिटेक्टिव्ह’ म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? लांब कोट, हातात भिंग, रस्त्याच्या कोपऱ्यावर पेपर आडवा धरून उभा असलेला माणूस. आपल्यापैकी कुणाला फास्टर फेणे आठवेल, आजोबांना विचारलं तर ते बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारचं नाव घेतील. पण हेच डिटेक्टिव्ह गळ्यात ओळखपत्र अडकवून, हातात कॉफीचा कप घेऊन हॉटेलच्या हॉलमध्ये परिसंवाद ऐकतायत, हे चित्र काही आपल्याला सुचत नाही. प्रत्यक्षात मात्र हे दरवर्षी घडतं. ‘वर्ल्ड असोसिएशन ऑफ डिटेक्टिव्हज’ ही संघटना आपला वारसा १९२५ पासूनचा सांगते. ‘कौन्सिल ऑफ इंटरनॅशनल इन्व्हेस्टिगेटर्स’ १९५५ पासून आहे. वेगवेगळ्या देशांतले खासगी तपासनीस त्यांच्या परिषदांना जमतात, ओळखी करून घेतात, एकमेकांना कामं देतात.

माझं म्हणणं असं, की अशी परिषद कुठे भरवायची हा फक्त हॉटेल आणि विमानाच्या तिकिटांचा प्रश्न नाही. ती स्टॉकहोम, ऑस्लो किंवा कोपनहेगनला भरली, तर या धंद्याला ज्या प्रश्नाचं उत्तर कधी ना कधी द्यावंच लागणार आहे, तो प्रश्न तिथे दारातच उभा असेल. एखाद्या माणसाबद्दल दुसऱ्याने किती माहिती काढावी? आणि आपल्याबद्दल कोण माहिती काढतंय, हे त्या माणसाला कळावं की नाही?

आधी मुळात असं जमायची गरज काय, ते बघू. ‘टिंडर स्विंडलर’ ही डॉक्युमेंटरी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. हिऱ्यांच्या व्यापाऱ्याचा मुलगा असल्याचं सोंग घेऊन एक इस्रायली माणूस डेटिंग अॅपवर मुलींना गाठायचा, प्रेमाचं नाटक करायचा आणि ‘माझ्या जिवाला धोका आहे’ म्हणत त्यांना कर्ज काढायला लावायचा. त्याला उघडं पाडलं २०१९ मध्ये नॉर्वेच्या ‘वीजी’ या वृत्तपत्राने. फसवल्या गेलेल्यांपैकी एक मुलगी नॉर्वेची, एक स्वीडनची. आणि यातली खरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे, याच माणसाला २०१५ मध्ये शेजारच्या फिनलंडमध्ये बायकांना फसवल्याबद्दल शिक्षा झालेली होती. म्हणजे नोंद होती, निकाल होता, तुरुंगवासही झाला होता. फक्त नाव वेगळं होतं आणि मध्ये देशाची सीमा होती. पुढे त्याला इस्रायलमध्ये शिक्षा झाली तीही तिथल्या जुन्या गुन्ह्यांसाठी, या मुलींच्या पैशांसाठी नव्हे.

फसवणारा माणूस विमानाने तासाभरात सीमा ओलांडतो, तक्रारीची फाईल मात्र वर्षभर तिथेच पडून राहते. ही दरी भरून काढायला प्रत्येक देशात एक ओळखीचा, भरवशाचा माणूस लागतो. परिषदेत चहा-कॉफीच्या वेळी होणाऱ्या ओळखींचा उपयोग हाच.

आता स्कँडिनेव्हियाच का? कारण माहिती उघडी ठेवण्याची सवय तिथे जगात सगळ्यात जुनी आहे. स्वीडनने १७६६ मध्ये छपाई-स्वातंत्र्याचा कायदा केला आणि त्यातच सरकारी कागदपत्रं बघायचा हक्क नागरिकांना दिला. १७६६! आपल्याकडे पानिपत होऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती. आपला माहितीचा अधिकार आला २००५ मध्ये. स्वीडनमध्ये आज कुणीही कर खात्याला फोन करून अमुक माणसाचं घोषित उत्पन्न किती, असं विचारू शकतं. का विचारताय, हे सांगायचीही गरज नाही. तिथे प्रत्येकाला जो ओळख क्रमांक मिळतो तो १९४७ पासून चालू आहे. नॉर्वेत असा क्रमांक १९६४ मध्ये आला, डेन्मार्कमध्ये १९६८ मध्ये. आपण आधारचा नंबर झाकून झेरॉक्स देतो आणि तिकडे लोकांचा पत्ता, वाढदिवस, शेजारी कोण राहतं, हे सगळं वेबसाइटवर दिसतं.

इथे कुणी म्हणेल, ‘सगळंच उघडं असेल तर डिटेक्टिव्हांना तिथे काम काय?’ प्रश्न रास्त आहे. पण माहिती उघडी असणं वेगळं आणि तिचा अर्थ लावणं वेगळं. डान्सके बँकेचं प्रकरण घ्या. डेन्मार्कच्या या सगळ्यात मोठ्या बँकेच्या एस्टोनियातल्या छोट्याशा शाखेतून २००७ ते २०१५ या काळात सुमारे २०० अब्ज युरो फिरले, आणि त्यातला बराच पैसा संशयास्पद होता. हे कुणाच्या लक्षात आलं? त्याच शाखेत काम केलेल्या एका अधिकाऱ्याच्या. त्याने २०१३ मध्ये एका ग्राहक कंपनीची ब्रिटनमधली सार्वजनिक नोंद उघडून पाहिली. कागदावर कंपनी निष्क्रिय होती, बँकेतल्या तिच्या खात्यावर मात्र मोठाल्या रकमांची उलाढाल चालू होती. ना पाठलाग, ना छुपा कॅमेरा. दोन कागद शेजारी ठेवून पाहिले, इतकंच. बँकेने वकिलांच्या फर्मकडून केलेल्या चौकशीचा अहवाल यायला मात्र २०१८ उजाडलं.

किंवा डेन्मार्कचाच तो कर-परताव्याचा घोटाळा. स्वतःकडे नसलेल्या शेअर्सच्या लाभांशावर ‘कर कापला गेला, परत द्या’ असे अर्ज करून तिथल्या तिजोरीतून अब्जावधी क्रोनर काढले गेले. त्यातल्या मुख्य आरोपीला, एका ब्रिटिश व्यापाऱ्याला, दुबईहून आणायला २०२३ चा डिसेंबर लागला आणि वर्षभराने डॅनिश न्यायालयाने त्याला १२ वर्षांची शिक्षा सुनावली. लंडन, दुबई, कोपनहेगन. एका देशाच्या माणसाने एकट्याने उलगडावं असं हे कोडंच नव्हतं. आजचा तपास हा बराचसा असाच असतो: खुर्चीत बसून, चष्मा पुसत, नोंदी ताडून बघायचा.

पण हेही खरं, की उघडेपणाची किंमत असते. स्वीडनमध्ये कुणाचाही पत्ता काही सेकंदांत मिळतो, तसा तो गुंडांच्या टोळ्यांनाही मिळतो आणि सोडून गेलेल्या बायकोला शोधणाऱ्या नवऱ्यालाही. म्हणून तिथे जिवाला धोका असलेल्यांचा पत्ता गुप्त ठेवण्याची सोय आहे. आता पैसे घेऊन एखाद्या तपासनीसाने तोच पत्ता शोधून दिला तर? त्याने कायदा मोडला नसेलही कदाचित, पण कुणाचा तरी जीव धोक्यात घातला. परिषदेतला पहिला परिसंवाद मी याच विषयावर ठेवीन, आणि त्यात एका खुर्चीवर घरगुती हिंसाचार सोसलेल्यांसाठी काम करणाऱ्या बाईला बसवीन. डिटेक्टिव्हांनी आपसातच टाळ्या वाजवायच्या असतील तर त्यासाठी ऑस्लोपर्यंत जायची गरज नाही.

आणि दुसरा विषय नॉर्वेच्या करयादीचा. नॉर्वेतही प्रत्येकाचं करपात्र उत्पन्न, संपत्ती आणि भरलेला कर लोकांना बघता येतो. यादी ऑनलाइन आली तेव्हा लोकांनी शेजारी, बॉस, जुनी गर्लफ्रेंड, साडू, सगळ्यांचे आकडे उपसून काढले. मग २०१४ पासून सरकारने एक साधा बदल केला. यादी बंद केली नाही. फक्त बघायचं असेल तर आपल्या ओळखीने लॉगिन करायचं आणि ज्याचा आकडा पाहिला त्याला तुमचं नाव दिसणार. झालं! शोध धडाधड खाली आले. माहिती तेवढीच उघडी राहिली, पण चोरून बघायची मजा गेली. ज्याला खरंच गरज आहे तो आजही बघतो, कारण त्याला आपलं नाव कळण्याची भीती नसते.

मला हा गेल्या काही वर्षांतला सगळ्यात हुशार नियम वाटतो. तो खासगी तपासाला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मान्य. घोटाळेबाजाला ‘साहेब, आम्ही तुमची चौकशी करतोय’ असं आधीच कळवलं तर तो पुरावे जाळून मोकळा होईल. पण काम संपल्यानंतर? समजा, एखाद्या मुलीची लग्नाआधी गुपचूप चौकशी झाली आणि काहीच निघालं नाही. मग सहा महिन्यांनी तिला कळायला काय हरकत आहे, की अमुक एजन्सीने तमुक कुटुंबासाठी तुझ्याबद्दल विचारणा केली होती आणि ही माहिती गोळा केली होती? नुसतं एवढं बंधन आलं तरी अर्धे अशील दारातूनच परत फिरतील. आणि जे परत फिरतील, त्यांचं काम करायच्या लायकीचं नव्हतंच.

आता आपल्याकडे वळू, कारण हा विषय आपल्याही घरात आहे. आपल्या शहरांत ‘लग्नापूर्वी चौकशी’च्या जाहिराती सर्रास दिसतात. मुलगी कॉलेजमध्ये कुणाबरोबर फिरायची, मुलगा दारू पितो का, पगार खरा किती. या व्यवसायाला लगाम घालणारं विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं होतं, परवाने देण्याची तरतूद त्यात होती. त्याचा कायदा कधी झालाच नाही. परिणाम काय होतो ते २०१८ मध्ये ठाण्यात दिसलं. लोकांचे कॉल रेकॉर्ड बेकायदा मिळवून विकल्याच्या प्रकरणात ठाणे पोलिसांनी काही खासगी गुप्तहेरांना अटक केली. तुम्ही कुणाला, किती वाजता, किती वेळ फोन केला, याची यादी बाजारात विकत मिळत होती. आणि हे सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितल्यानंतर उघड झालं, हे विशेष.

बरं, दुसऱ्या बाजूला काय चाललंय? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातलं कलम बदललं. ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ म्हणून नकार देणं सरकारी बाबूंना आता सोपं होणार, अशी टीका माहिती अधिकाराचे कार्यकर्ते आणि पत्रकार करतायत. म्हणजे गंमत बघा. अधिकाऱ्याची माहिती मागितली तर खासगीपणा आडवा येतो आणि कॉलेजातल्या मुलीचे कॉल रेकॉर्ड मात्र पैसे टाकले की मिळतात. स्कँडिनेव्हियात निदान उलटं आहे: सत्तेकडची कागदपत्रं आधी उघडी, मग बाकीच्यांचा विचार.

म्हणून अशा परिषदेला आपल्याकडचेही तपासनीस जायला हवेत असं मला मनापासून वाटतं. पण इथे यजमानांनाही दोन शब्द सांगायला हवेत. एक तर जुलैत परिषद ठेवू नका, कारण तेव्हा अर्धा स्वीडन उन्हाळी सुट्टीवर असतो. मे किंवा सप्टेंबर बरा. दुसरं म्हणजे पैसा. शेंगेन व्हिसाची फीच ९० युरो, त्यात ऑस्लोतल्या हॉटेलचे आणि साध्या जेवणाचे दर. असं असलं की मोठ्या कॉर्पोरेट फर्मचे लोक येतात आणि नागपूर किंवा नैरोबीचा एकट्याने ऑफिस चालवणारा माणूस घरीच राहतो. फसवणुकीचा पैसा ज्या देशांतून जातो, तिथलाच माणूस खोलीत नसेल तर ती परिषद कसली, ती तर सहल! काही जागा कमी शुल्कात राखून ठेवा आणि निदान एक सत्र जनतेसाठी, विद्यार्थ्यांसाठी, पत्रकारांसाठी उघडं ठेवा. उघडेपणाच्या माहेरघरी बंद दाराआड बसणं शोभणार नाही.

तुमच्यापैकी कुणाला या क्षेत्रात यायचं असेल तर जरूर या. कॉमर्सवाल्याला ताळेबंद वाचता येतो, लॉवाल्याला पुराव्याचे नियम कळतात, भाषा शिकणाऱ्याला परदेशी नोंदी वाचता येतात. हे सगळं इथे लागतं. कोट आणि भिंग लागत नाही.

आणि ज्यांना यायचं नाही, त्यांनाही एक प्रश्न. रात्री एक वाजता कुणाच्या तरी इन्स्टावर २०१९ च्या फोटोपर्यंत स्क्रोल करत जाणं, मित्राच्या अकाउंटवरून एक्सची स्टोरी बघणं, हे आपण सगळेच करतो. फी घेत नाही, एवढाच फरक. उद्या इन्स्टाने नॉर्वेसारखा नियम आणला आणि प्रत्येकाला दिसायला लागलं की आपलं प्रोफाइल कुणी, कितीदा, किती वाजता उघडलं, तर तुमचं किती स्क्रोलिंग शिल्लक राहील? जेवढं राहील तेवढं बिनधास्त करा. बाकीचं आजच थांबवायला हरकत नाही.