चतकोर भाकरी

मागल्या ग्रामसभेत पाणी राहिलं, रस्ता राहिला, दोन तास भांडण झालं ते कुत्र्यांवरनं. शाळेपुढं सात-आठ कुत्री बसतात, त्यातलं एक एका पोराच्या पोटरीला चावलं, त्यांचा बंदोबस्त करा. मागणी रास्तच होती. पिसाळलेलं कुत्रं चावलं आणि लस चुकली तर माणूस हातात लागत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण एकजण उठून म्हणाला, "भटकी जात हाय ती. पोत्यात भरा आन् घाटात सोडा." सगळ्यांनी माना हलवल्या. मी हलवली नाही, पण बोललोही नाही. का बोललो नाही ते पुढं सांगतो.

भटकी जात! सातारा आणि सांगलीची शीव जिथं मिळते तिथं आमचं गाव. माझ्या लहानपणी इथल्या कुत्र्याला भटकायला वेळच नव्हता. रात्री खळ्यावर राखण, पहाटे दादांच्या मागं विहिरीवर, दुपारी गोठ्यापुढं. त्याची मजुरीही ठरलेली. आई भाकरी मोजून थापायची, त्यात त्याची चतकोर धरलेली असायची. बहात्तरच्या दुष्काळात मिलोची भाकरी आमच्या घशाखाली उतरत नव्हती, तेव्हाही त्याचा वाटा बंद झाला नाही. लहान झाला एवढंच.

दिवाळी झाली की माण, आटपाडी, जतकडचे धनगर मेंढरं घेऊन कृष्णाकाठाकडं उतरायचे. आमच्या रानात मेंढरं बसवली की वाघर लावायचे आणि कुत्री वाघरीच्या बाहेर सुटी. त्यांच्या माळावर लांडग्याचं भ्या. मी एकदा विचारलं, "मामा, कुत्री बांधत न्हाईसा व्हय?" म्हातारा हसला. "बांधल्यालं नुसतं भुकतंय, लेकरा. राखतंय ते सुटं." जेवायला बसताना त्याचा पहिला तुकडा कुत्र्यापुढं पडायचा, मग स्वतःच्या तोंडात. कुत्र्यावर प्रेम आहे असं तो कधी म्हणाला नाही. आमच्याकडं तसं कुणी म्हणतही नव्हतं. शहरातली माणसं म्हणतात.

आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा कुत्र्यापुढं ठेवल्याशिवाय घरात कुणी घास घेत नाही. वाघ्या तर कोटंबा भुईवर ठेवून स्वतः कुत्र्यागत भुंकतो, देवाचं कुत्रं म्हणवून घेतो. आणि तीच आम्ही माणसं दुसऱ्या दिवशी वाटेत झोपलेल्या कुत्र्याला लाथ घालतो. एक दिवस देव आणि बाकी वर्ष पीडा, हा कुठला धर्म?

झालं काय, बैल गेले, खळी गेली, मळणी यंत्रावर आली. रानभर ऊस झाला. बंगल्यांना फाटकं आली, फाटकामागं विलायती कुत्री आली, त्यांना पुड्यातलं खाणं आलं. गावच्या कुत्र्याचं काम गेलं आणि कामाबरोबर चतकोरही गेली. मग ते ढाब्यामागच्या उकिरड्यावर आणि कोंबडीच्या दुकानापुढं जाणार, नाहीतर कुठं? कामावरनं काढलेला गडीसुद्धा चौकातच बसतो. कराड-पाटण-शिराळ्याकडं उसात बिबट्या शिरला की मात्र आम्हाला कुत्रं आठवतं. ते भुंकतं म्हणून आम्ही दार लावतो, आणि बिबट्या उचलतो त्यालाच.

आता माझं सांगतो. वस्तीवरच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली. एक कुत्रा ठेवला. चार माद्या पोत्यात घातल्या, मोटारसायकलवरनं नेल्या आणि शेजारच्या गावाच्या शिवेवर सोडल्या. मागं वळून बघितलं नाही. घरी कुत्री चार दिवस रस्त्याकडं तोंड करून बसली होती, पुढ्यातलं शिवली नाही. शेजारच्या गावानंही अशीच पोती भरली असणार. आमच्या शाळेपुढची कुत्री आभाळातनं पडलेली नाहीत.

परवा नातवानं मोबाईलवर वाचून दाखवलं. जर्मनीत बॉन शहराजवळ १९१४ साली दगडाच्या खाणीत एक थडगं सापडलं, सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं. त्यात एक पुरुष, एक बाई आणि कुत्र्याचं पिल्लू. शास्त्रज्ञांनी पिल्लाचे दात तपासले. त्याला डिस्टेंपरचा रोग झाला होता आणि ते कित्येक आठवडे आजारी होतं. कुणी खाऊ-पिऊ घातलं नसतं, ऊब दिली नसती, तर ते एवढंही जगलं नसतं. त्या माणसांकडं शेती नव्हती, कणगी नव्हती. आजारी पिल्लू शिकारीच्या कामाचंही नव्हतं. माझ्या दारात दोन म्हशी दूध देत होत्या आणि मला चार धडधाकट पिल्लं जड झाली.

शहरातले भूतदयावाले कोपऱ्यावर बिस्किटं टाकतात आणि घरी जातात. चावलेल्या पोराच्या आईला तोंड द्यायला ते नसतात. त्यांची बाजू मी घेत नाही. पण नसबंदी आणि रेबीजची लस ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, असा केंद्राचा २०२३ चा नियम आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं, नसबंदी करा, लस टोचा, जिथनं उचललं तिथंच सोडा. पिसाळलेलं आणि अंगावर येणारं तेवढं वेगळं ठेवा. पोत्यात घालून शीव बदलली म्हणजे लस टोचली जात नाही. शेजारच्या गावातल्या पोराला पोटरी नसते का?

पुढच्या ग्रामसभेत लस आणि नसबंदीचा ठराव मी मांडणार आहे. "तुमच्या वस्तीवरच्या चार माद्यांचं काय झालं?" असं कुणी विचारायच्या आधीच सांगणार आहे, पोत्याचं तोंड सुतळीनं मी बांधलं होतं.