तुळस का वाळते?

तुळस वाळली की मराठी घरात प्रथम माती पाहिली जात नाही, माणसे पाहिली जातात. पाणी घालायचे कोणाकडून राहिले, विटाळ कोणी कालवला, नवी सून आल्यापासूनच असे कसे होऊ लागले, अशी कुजबुज सुरू होते. आरोप बहुधा घरातील सर्वांत नव्या आणि सर्वांत अबोल व्यक्तीवर येतो. तेव्हा या आरोपाची रीतसर चौकशी करावी आणि प्रथमच कुंडी लावणाऱ्या भगिनींना माती, खत व पाणी यांविषयी चार गोष्टी सांगाव्यात, असे आम्ही योजिले आहे.

आमच्या अफझलगंजचेच उदाहरण घेऊ. पाचवे निजाम अफझल-उद्-दौला यांच्या नावाने ही पेठ मुसी नदीच्या काठी वसली. जुन्या घरांना अंगण असे, अंगणात वृंदावन असे आणि त्याचा तळ बहुधा जमिनीशी जोडलेला असे. घातलेले पाणी मुरून जाई आणि मूळही त्यामागोमाग खाली उतरे. जमिनीत उतरलेल्या मुळाचे सामर्थ्य या पेठेने पाहिले आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला, तेव्हा आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडाचा आश्रय घेऊन सुमारे दीडशे माणसांनी प्राण वाचविले. ते झाड तग धरून राहिले. आता अंगणे गेली आणि तिसऱ्या मजल्याच्या सज्जात दहा इंची कुंडी आली. तेथे मुळाला पळायला वाट नाही. आपण जे देऊ तेच त्याचे जग.

प्रथम मातीचा विचार. आपल्यापैकी अनेकांची मूळ गावे मराठवाड्यात. तेथील काळ्या मातीला आपण आई म्हणतो, आणि गावी गेलो की पिशवीभर माती प्रेमाने घेऊनही येतो. शेतात ती आई खरीच. कुंडीत मात्र ती सावत्र होते. काळी माती पाणी धरून ठेवते, भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात. हैदराबादची भूमी ग्रॅनाइट खडकाची आहे. या खडकापासून झालेली भरड तांबडी माती, जिला तेलंगणात चलका म्हणतात, ती पाण्याचा निचरा उत्तम करते. मात्र तिच्यात कस कमी असतो. म्हणून दोन भाग तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू असे मिश्रण करावे. त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. कुंडीच्या तळाला भोक हवेच. त्यावर खापरीचा तुकडा पालथा ठेवावा, म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाणीही अडत नाही. बांधकामाच्या ढिगातील चुना-सिमेंट मिसळलेली माती किंवा मुसीच्या पात्रातला गाळ कितीही सहज मिळाला तरी घेऊ नये. शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे त्या पात्रात उतरले आहे.

खताच्या बाबतीत उत्साह हाच शत्रू. ताजे शेण कुजताना तापते आणि मुळे भाजून काढते. युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते; शेताला जे पोसते त्याचा चमचाभर अंश कुंडीतील रोपाला मारू शकतो, कारण क्षार वाढले की माती मुळातलेच पाणी ओढून घेते. तुळशीला दीड महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत पुरते. चहाचा चोथा घालायचा तर दूध-साखर धुऊन काढून, वाळवून, तोही चिमूटभरच. निरांजनातले तेल-तूप आणि नैवेद्याचे दूध बुंध्याशी ओतू नये; दिवा कुंडीबाहेर ठेवला तरी भक्तीत उणेपणा येत नाही.

आता पाणी. महापुरानंतर शहराच्या रक्षणासाठी बांध घातले गेले. १९२० साली उस्मानसागर पूर्ण झाला आणि १९२७ साली हिमायतसागर. उस्मानसागराचे, म्हणजेच गंडीपेटचे, पाणी हैदराबादकरांच्या बोलण्यात मानाचे स्थान मिळवून बसले. आता कृष्णा-गोदावरीचेही पाणी शहराला येते. पण पुष्कळ इमारतींत बोअरचे पाणीही वापरावे लागते आणि ते बहुधा जड असते. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसू लागला की ती क्षारांची खूण समजावी. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाहून जाणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरी झाडांना घालतात. हेतू स्तुत्य, परंतु गाळलेले क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. त्याने फरशी धुवावी. तुळशीला नळाचे रात्रभर उघडे ठेवलेले पाणी चांगले, आणि पावसाचे साठवलेले त्याहून चांगले.

सर्वांत मोठा धोका मात्र पाण्याच्या गुणात नसून प्रमाणात आहे. सकाळी सासूबाई एक तांब्या घालतात, स्नान करून सूनबाई दुसरा घालतात, शाळेला निघालेले लेकरू हौसेने तिसरा घालते. माती कधी सुकतच नाही. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि पाने माना टाकतात. मग रोप तहानलेले आहे असे समजून चौथा तांब्या घातला जातो! बोट इंचभर मातीत खुपसून पाहावे; ओल लागली तर त्या दिवशी पळीभर पाण्याने पूजा करावी आणि थांबावे. काही घरांत ठरावीक तिथीला तुळशीला पाणी घालत नाहीत. कुंडीतील मुळांना असा उपास मानवतो.

एवढे करूनही तुळस दोन-तीन वर्षांनी थकते. मंजिऱ्या खुडल्या नाहीत तर लवकरच, कारण बी धरण्यात तिची शक्ती खर्च होते. थंडीतही ती पाने गाळते. तो अपशकुन नव्हे, तो निसर्गक्रम. मंजिरीचे बी ज्येष्ठ-आषाढात मातीवर भुरभुरावे. आठ-पंधरा दिवसांत नवी रोपे दिसू लागतात.

तेव्हा वाचकहो, पुन्हा कधी तुळस वाळली तर कोणाला बोल लावण्याआधी कुंडी पालथी करावी. मुळे काळी, मऊ, दुर्गंधी सुटलेली असतील तर पाणी अधिक झाले. कडेला पांढरा थर असेल तर क्षार साचले. बुंधा लाकडासारखा होऊन वर वाळक्या मंजिऱ्या असतील तर तिचे आयुष्यच सरले. साक्ष द्यायला मुळे आहेत. सूनबाईंना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही.