कोनबिनीतला खाऊ आणि मोजे

ऑफिसच्या कामाने जपानला निघालात की घरच्यांसाठी काय आणायचं हा प्रश्न येतोच. विमानतळावर खिसा रिकामा करू नका. हॉटेलजवळच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात, शिरा. सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट कोपऱ्याकोपऱ्यावर असतात.

भाचरांसाठी माझी पसंती फॅमिलीमार्टच्या हिरव्या-निळ्या पट्ट्यांच्या मोज्यांना. जोडी पाचशे येनच्या आसपास, वजन नाही, आणि इंदूरच्या उन्हात वितळत नाहीत. (मे महिन्यात चॉकलेट आणलंत तर चमच्याने वाटावं लागेल!) खोडता येणारी फ्रिक्शन पेनंही छान. त्यांची शाई उष्णतेने नाहीशी होते, तेव्हा चेकवर सही मात्र नको.

खाऊचं सांभाळून. आपल्याकडे घरोघरी कुणीतरी आजी, काकू शाकाहारी असतात आणि तिथल्या पाकिटावर आपला हिरवा ठिपका नसतो. गमी, मार्शमॅलोत बहुधा जिलेटिन असतं. चिप्समध्ये डुकराच्या किंवा कोंबडीच्या मांसाचा अर्क असू शकतो, तांदळाच्या कुरकुरीत सेनबेईत माशाचा. फोनचा कॅमेरा घटकांच्या यादीवर धरला की भाषांतर दिसतं. तरी इमल्सिफायर कशापासून केलंय ते पुष्कळदा लिहिलेलंच नसतं. “थोडंसंच असेल, चालतं” हे आपण परस्पर ठरवू नये, खाणाऱ्याने ठरवावं.

देवापुढे ठेवल्याशिवाय कोणतंही पाकीट न उघडणाऱ्या माझ्या आत्यासाठी मी चहाच्या पिशव्या घेते. घटकांच्या यादीत एकच नाव असतं, हिरवा चहा.