कार्यक्षमतेचे माप कोणाच्या हाती?

हिवाळी अधिवेशन नागपुरास भरते तेव्हा धंतोलीतील यशवंत स्टेडियमपासून मोर्चे निघतात, आणि त्यांत राखीव जागांचा अनुशेष भरा ही मागणी घेऊन चालणारे आपले तरुण असतात. ह्या मागणीला तोंडावर विरोध करणारे लोक आता थोडे राहिले आहेत. विरोध होतो तो एका सभ्य शब्दाच्या आडून, आणि तो शब्द म्हणजे 'कार्यक्षमता'. राखीव जागेवर माणूस आला की काम ढिले पडते, गाडी रेंगाळते, फाईल तुंबते, असे सांगणारे गृहस्थ कचेरीत, आगगाडीच्या डब्यात आणि दवाखान्याच्या बाकावर सारखेच भेटतात. त्यांना पुरावा मागावा तर ते चकित होऊन विचारतात, 'ह्याला पुरावा कशाला हवा?'

आमचे म्हणणे असे की, ह्यालाच पुरावा हवा. राज्यघटनेच्या ३३५ व्या कलमात अनुसूचित जाती व जमातींचे नोकऱ्यांवरील हक्क मान्य केलेले आहेत, परंतु ते प्रशासनाची कार्यक्षमता राखण्याशी सुसंगत रीतीने, अशी मर्यादा त्याच वाक्यात घातलेली आहे. गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे ह्या एका शब्दाचा दांडपट्टा आमच्या डोक्यावर फिरविला गेला. पण कार्यक्षमता म्हणजे काय, ती कोणी मोजली आणि कोणत्या मापाने मोजली, हे विचारण्याचे धाडस फार थोड्यांनी केले.

ज्यांनी केले त्यांची हकीकत आमच्या वाचकांना अधिक जिव्हाळ्याची वाटेल, कारण ती रेल्वेची आहे. धंतोलीच्या शेजारून लोहमार्ग जातो, अजनीची रेल्वे वसाहत येथून दूर नाही, आणि ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी रुळांवर घाम गाळला अशी कितीतरी बौद्ध कुटुंबे ह्या शहरात आहेत. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी पूज्य बाबासाहेब होते. ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांनी तेथेच बजाविले. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतील वस्तुस्थितीही मांडली. अस्पृश्य कामगाराच्या वाट्याला बहुधा गँगमनचे काम येते, साधे पोर्टरचे कामही त्याला मिळत नाही. कारण काय, तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि स्टेशनमास्तर असतो स्पृश्य! गाठोडे उचलण्याची ताकद अस्पृश्याच्या अंगात कमी होती, असा दावा तेव्हा कोणी केला नव्हता. तेव्हा कारण उघड होते, म्हणून कार्यक्षमता हा शब्द लागत नव्हता.

ह्याच रेल्वेचा हिशेब पुढे दोन अर्थशास्त्रज्ञांनी मांडला. दिल्लीच्या अश्विनी देशपांडे आणि अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे टॉमस वाइसकॉफ ह्यांनी १९८० ते २००२ ह्या काळातील रेल्वेचे आकडे घेतले. रेल्वेने किती प्रवासी आणि किती माल किती अंतर वाहून नेला, त्यासाठी माणसे व साधने किती लागली, आणि त्या माणसांत अनुसूचित जाती-जमातींचे प्रमाण किती होते, ह्यांची सांगड त्यांनी गणिताने घातली. हे संशोधन २०१४ साली 'वर्ल्ड डेव्हलपमेंट' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. निष्कर्ष असा की, आमच्या लोकांचे प्रमाण वाढल्याने रेल्वेची उत्पादकता घटल्याचा कसलाही पुरावा सापडत नाही. उलट वरच्या, म्हणजे 'अ' आणि 'ब' श्रेणीच्या जागांवर हे प्रमाण जेथे अधिक, तेथे उत्पादकताही अधिक, असे त्यांच्या काही गणितांतून दिसते.

येथे आम्ही वाचकांस सावध करू इच्छितो. दोन गोष्टी बरोबर वाढल्या म्हणजे एकीने दुसरी वाढविली, असे सिद्ध होत नाही, आणि संशोधकांनीही त्याहून अधिक म्हटलेले नाही. आरोप करणाऱ्यांनी पुराव्याविना आरोप केला, म्हणून आपण पुराव्याहून मोठी बढाई मारावी, हे बुद्धाच्या अनुयायांना शोभणारे नाही. आरोप निराधार ठरला, एवढे आम्हाला पुरेसे आहे.

आणखी एक गोष्ट नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांनी ध्यानी घ्यावी. १९५६ साली दीक्षाभूमीवर ज्यांनी धम्म स्वीकारला, त्यांना केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातीची सवलत कायद्याने मिळाली ती १९९० साली. म्हणजे ह्या संशोधनाच्या पहिल्या दहा वर्षांत, ज्याने कागदावर प्रामाणिकपणे 'बौद्ध' लिहिले तो रेल्वेच्या राखीव जागेला मुकत होता. आपल्या समाजातील किती लायक माणसे त्या आकड्यांत आलीच नाहीत, ह्याची मोजदाद कोण करणार? आज मात्र तो प्रश्न उरलेला नाही. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिल्याने आपला हक्क जात नाही. कोणी भीती घालीत असेल तर त्याला १९९० ची दुरुस्ती दाखवावी.

सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली बी. के. पवित्रा खटल्यात कर्नाटकचा कायदा उचलून धरताना म्हटले की, कार्यक्षमतेचा अर्थ सर्व समाजघटकांना सामावून घेणारा असाच लावला पाहिजे. आनंद आहे. पण न्यायालयाचा निकाल सरकारी कचेरीच्या दारापर्यंत पोहोचतो. खासगी कंपनीच्या दारावर राखीव जागा नाहीत आणि तेथे चाळणी कशी लावतात हे बाहेरच्याला दिसत नाही.

ती चाळणी एकदा दिसली. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले सुखदेव थोरात व अमेरिकेचे पॉल अटवेल ह्यांनी २००५ च्या ऑक्टोबरपासून सहासष्ट आठवडे एक साधा प्रयोग केला. इंग्रजी दैनिकांतील खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठविले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, फरक फक्त नावाचा. सवर्ण आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश भरली, मुसलमान नावाला सुमारे एक-तृतीयांश. दिल्ली परिसरात झालेल्या व २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात मात्र संगणकाच्या नोकऱ्यांत असा जातिभेद आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे. जेथे कौशल्याची परीक्षा चोख घेता येते तेथे आडनावाचे महत्त्व कमी होत असावे, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो.

मग आता प्रश्न यंत्राचा. नोकरीचे अर्ज पहिल्यांदा माणसाने न वाचता संगणकाने वाचावे, अशी पद्धत मोठ्या कंपन्यांत पडली आहे. यंत्राला जात नसते, तेव्हा आता तरी न्याय होईल, अशी भाबडी आशा आमच्या काही सुशिक्षित बंधूंना वाटते. यंत्राला जात नसते हे खरे. परंतु यंत्र शिकते कोणापासून? मागील निवडींपासून. अमेरिकेच्या अॅमेझॉन कंपनीने असे यंत्र घडविले आणि त्याला आपल्याकडे आलेले दहा वर्षांचे अर्ज शिकविले. त्यांत पुरुषच अधिक, म्हणून यंत्राने पुरुषच बरे असा धडा घेतला. अर्जात स्त्रियांच्या मंडळाचा नुसता उल्लेख आला तरी ते गुण कमी करी. कंपनीला ते यंत्र टाकून द्यावे लागले, ही बातमी २०१८ साली जगजाहीर झाली. उमेदवार स्त्री आहे काय, असे त्या यंत्राला कोणी सांगितलेले नव्हते. ते त्याने ताडले. मग आडनाव, पिनकोड, इंदोरा किंवा रामबागेचा पत्ता, शाळेचे नाव, शिष्यवृत्तीची नोंद, एवढ्यावरून जात ताडणे कोणत्या यंत्राला जड जाणार आहे? आपल्या गावातील पाटील ते एका प्रश्नात ताडीत असे!

ह्या धोक्याकडे संशोधकांचे लक्ष गेले आहे. गूगलच्या संशोधन विभागातील नित्या सांबशिवन व त्यांचे सहकारी ह्यांनी छत्तीस अभ्यासक व कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेऊन २०२१ साली एक निबंध सादर केला. पाश्चात्त्य देशांत यंत्राचा न्यायीपणा वंश व लिंग ह्या कसोट्यांवर तपासतात, ती कसोटी भारतात अपुरी पडते, कारण येथे जात आहे. शिवाय ज्यांच्या हाती फोन नाही ते यंत्राच्या माहितीत येतच नाहीत, हा त्याचा मथितार्थ. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली भाषा लिहिणारी यंत्रे तपासली, तेव्हा जातीविषयीचे जुने पूर्वग्रह त्यांच्या उत्तरांत मोठ्या प्रमाणात आढळले. मनुस्मृती जाळून शतक होत आले. तिची शिकवण मात्र कोणाच्या लक्षात न येता नव्या यंत्राच्या पोटात जाऊन बसली, ह्याला काय म्हणावे?

कालामांनी तथागतांना विचारले होते की, निरनिराळे आचार्य येऊन निरनिराळे सांगतात, विश्वास कोणावर ठेवावा? परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून मानू नका, असे उत्तर त्यांना मिळाले. संगणकाने सांगितले म्हणून मानू नका, ही त्याच उपदेशाची आजची बाजू होय. आम्ही यंत्राचे विरोधक नाही. ज्या समाजाला पाटी-पेन्सिल नाकारली गेली त्याने यंत्र नाकारणे हा आत्मघात ठरेल. आमची मागणी तपासणीची आहे. ज्या कंपन्या व मंडळे यंत्राने अर्ज निवडतात त्यांनी कोणत्या प्रवर्गाचे किती अर्ज आले आणि पहिल्याच चाळणीत किती गळाले, हा आकडा दरवर्षी प्रसिद्ध केला पाहिजे. सरकारी मंडळांकडून तो माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली आजही मागता येतो. खासगी कंपन्यांसाठी असा कायदा करण्याची मागणी येत्या अधिवेशनात आपल्या आमदारांनी मांडावी.

आणि हा हिशेब तपासणारी माणसे आपल्या घरांतून निघाली पाहिजेत. थोरातांच्या प्रयोगाला ना मोठे यंत्र लागले ना मोठी प्रयोगशाळा. लागले ते टपालाचे पाकीट, चिकाटी आणि मोजणीचे ज्ञान. संगणकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी चांगली नोकरी जरूर धरावी, परंतु त्यांतील काहींनी तरी ह्या चाळण्यांचाच अभ्यास आपला संशोधनाचा विषय करावा. तोवर प्रत्येक कुटुंबाने एक काम आजपासून करावे. मुलांनी संगणकावरून पाठविलेल्या प्रत्येक अर्जाची नक्कल, तारीख आणि आलेले उत्तर एका वहीत लावून ठेवावे. उत्तर आले नाही तर तसे लिहावे. रविवारी विहारात वंदना झाल्यावर दहा घरांच्या अशा वह्या शेजारी शेजारी उघडून पाहाव्यात.