कॉफीत साखरच नाही, मग शुगर वाढेलच कशी?

दोन महिन्यांपूर्वी आमच्या हापिसात 'वेलनेस डे' झाला. म्हणजे काय, तर ऑडिटोरियममध्ये दीडशे लोक, दारात फुकटच्या पाण्याच्या बाटल्या आणि स्टेजवर एक अतिशय तुकतुकीत गृहस्थ. त्यांनी सांगितलं, सकाळी नाश्ता करू नका, बिनसाखरेची काळी कॉफी घ्या. वजन उतरेल, डोकं तरतरीत राहील, आणि डायबिटीसवाल्यांना तर हे वरदानच आहे, रिसर्चने सिद्ध झालंय! टाळ्या. मीही वाजवल्या. मला डायबिटीस आहे (टाईप टू, वय ३६, घराण्याची परंपरा) आणि कॉफीला कुणी वरदान म्हटलं की मी टाळ्या वाजवणारच.

माझ्या शेजारी बसणारा मित्र नुसत्या टाळ्या वाजवून थांबला नाही. त्याने दुसऱ्या दिवसापासून ते अमलात आणलं. मेट्रोत उभ्याने गोळी घ्यायची, हापिसात आल्यावर काळी कॉफी, आणि मग थेट जेवण. कॉफीने भूक मरते, त्यामुळे त्याला काही जड गेलं नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी, अकराच्या सुमारास, साहेबांचे हात थरथरायला लागले. छातीत धडधड, कपाळावर घाम. आम्ही सगळे हुशार लोक. एकमताने निदान केलं: "कॉफी जास्त झाली रे तुला. पाणी पी, जरा चक्कर मारून ये."

नशीब की ग्लुकोमीटर बॅगेत होतं. आकडा आला ५८.

७० च्या खाली गेली की शुगर 'लो' समजतात. पॅन्ट्रीतल्या साखरेच्या तीन पुड्या पाण्यात ढवळून त्याला पाजल्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, मग दोन बिस्किटं दिली. तो ठीक आहे. पण आम्ही सांगितल्याप्रमाणे तो जिन्याने चक्कर मारायला गेला असता तर काय झालं असतं, हा विचार मी अजून पूर्ण करत नाही.

आता भानगड काय झाली बघा. त्याला ग्लिमेपिराईड चालू आहे. ही गोळी स्वादुपिंडाला दामटून इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही खाल्लंय की नाही, हे ती विचारत नाही. म्हणून ती घेतली की खावं लागतं. आणि लो शुगरची लक्षणं काय? थरथर, धडधड, घाम. जास्त कॉफीची लक्षणं काय? थरथर, धडधड. म्हणजे ज्या घंटेने आपल्याला जागं करायचं, तिलाच आपण 'कॉफी लागली' म्हणून गप्प बसवतो. स्टेजवरून हे कुणी सांगितलं? "तुमच्यापैकी गोळ्या कोण घेतं? कुठल्या?" एवढं तरी विचारलं? छे.

आता त्या 'सिद्ध झालेल्या' रिसर्चकडे येऊ. तो खोटा नाही, हीच तर गंमत आहे. २००२ साली 'लॅन्सेट'मध्ये नेदरलँड्समधल्या सतरा हजार लोकांचा अभ्यास आला. दिवसाला सात किंवा जास्त कप पिणाऱ्यांना, दोन किंवा कमी पिणाऱ्यांच्या मानाने, टाईप टू होण्याची शक्यता निम्मी दिसली. २०१४ मध्ये असे २८ अभ्यास, एकूण ११ लाखांहून जास्त माणसं, एकत्र करून पाहिली, सूर तोच. पण हे सगळं कुणाबद्दल आहे? ज्यांना डायबिटीस अजून झालेला नाही त्यांच्याबद्दल. आणि त्यात कॅफिन काढलेली कॉफी पिणाऱ्यांनाही तसाच फायदा दिसला, म्हणजे श्रेय बहुधा कॅफिनचं नाहीच. शिवाय हे निरीक्षण आहे, कॉफीमुळेच तसं झालं याचा पुरावा नाही. चोर येऊ नये म्हणून लावायचं कुलूप, चोर घरात शिरल्यावर लावून काय उपयोग?

मग ज्यांना झालाय त्यांचं काय? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा २००८ चा छोटासा प्रयोग आहे. टाईप टू असलेले, रोज कॉफी पिणारे दहा जण, अंगावर सतत साखर मोजणारा सेन्सर. एक दिवस कॅफिनच्या गोळ्या, एक दिवस नुसत्या दिखाऊ. कॅफिनच्या दिवशी दिवसभराची सरासरी साखर ८ टक्क्यांनी जास्त, आणि रात्रीच्या जेवणानंतरची तर २६ टक्क्यांनी. मान्य, दहाच जण. मान्य, कॉफी नव्हे, गोळ्या. पण त्यात साखरेचा कण नव्हता, हे लक्षात घ्या.

कारण आपल्या इंजिनियर लोकांचा आवडता युक्तिवाद नेमका इथे फसतो. "काळ्या कॉफीत कार्ब्स शून्य, इनपुट शून्य, मग आउटपुट कुठून येणार?" मीही चार वर्षं हेच म्हणत होतो. अरे बाबा, साखर फक्त तोंडातून येत नाही! लिव्हरमध्ये तिचा साठा असतो. कॅफिन अडेनोसिनची जागा अडवतं, अ‍ॅड्रेनलिन वाढतं, लिव्हर साठा सोडतं आणि स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. हे सगळं एका काळ्याभोर, बिनसाखरेच्या कपाने.

(आणि तो कप खरंच बिनसाखरेचा आहे का? हापिसातल्या मशीनमध्ये प्रीमिक्स असेल तर साखर बहुतेक वेळा पावडरीतच असते. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. एकदा मागची बाजू वाचा, मग 'मी वरून साखर घालत नाही' म्हणा.)

रिलीजच्या रात्री जागून सकाळी पहिल्यांदा कॉफी मारणाऱ्यांसाठी अजून एक. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाने २०२० मध्ये २९ निरोगी माणसांची झोप रात्रभर मोडली, सकाळी कडक काळी कॉफी दिली आणि अर्ध्या तासाने गोड पेय. साखरेची उसळी कॉफीशिवायच्या मानाने सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. निरोगी माणसांत, बरं का.

म्हणून कॉफी सोडा, असं मी म्हणतोय का? अजिबात नाही. "शुगर आहे ना तुला, मग कॉफी बंद" म्हणणाऱ्या आत्याही मला तितक्याच नकोत. मी मोजलं. उठल्यावर, मग एक तासाने, मग दोन तासांनी. तीन दिवस काळी कॉफी, तीन दिवस नुसतं पाणी, दोन तास खाणं नाही. (माझ्या गोळ्या मेटफॉर्मिनच्या, डॉक्टरांना विचारून केलं. ग्लिमेपिराईड किंवा इन्सुलिनवाल्यांनी उपाशीपोटी असले उद्योग करू नयेत.) पाण्याच्या दिवशीही आकडा आठ-दहाने चढला, कारण पहाटेची हार्मोन्स तेवढं करतातच. कॉफीच्या दिवशी पंचवीस-तीसने. माझ्या बहिणीने हेच केलं तर तिच्या आकड्यांत काही फरकच नाही! ती खुशाल पिते. मी आता नाश्त्यानंतर एक कप पितो आणि दुपारी चारनंतर बंद. एक पट्टी साधारण वीस रुपयांना पडते, कॅफेतल्या एका कॅपुचिनोत आठ-दहा येतील.

२०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीप्रमाणे देशात १०.१ कोटी लोकांना डायबिटीस आहे, प्रौढांत ११.४ टक्के. गोव्यात तर २६.४. दीडशेच्या हॉलला हिशोब लावला तर सतरा जण. (सरासरीच्या नावाने बोटं मोडणारा मी इथे सरासरीच वापरतोय, आमचा हॉल तरुण होता, दहा धरा.) त्या दहांपैकी कोण काय घेतं हे माहीत नसताना 'वरदान' वाटणं हा बेजबाबदारपणा आहे. कॅफिनपेक्षा मला त्याची जास्त भीती वाटते.

तेच गृहस्थ पुढच्या महिन्यात पुन्हा येताहेत, विषय 'फास्टिंग'. मेल आली तेव्हा मित्र पोहे खात होता. आम्ही दोघांनी पहिल्या रांगेत नावं नोंदवली आहेत. साखरेच्या पुड्या तो खिशात घेऊन येणार आहे, माईक मी मागणार आहे.