अनुसूचीबाहेरचा डोंगर

बुलढाणा जिल्ह्याचा भूगोल सांगताना आपण 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असे दोनच भाग सांगतो. चिखली, मेहकर घाटावर. मलकापूर, शेगाव घाटाखाली. पूर्णेचे खोरे ओलांडून जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांच्या उत्तर टोकाला सातपुड्याची जी भिंत उभी राहते, तिच्या अंगाखांद्यावर वसलेली भिंगारा, चाळीसटापरी यांसारखी गावे या विभागणीत कोठेच बसत नाहीत. त्यांची आठवण आपल्याला होते ती पावसाळ्यात, एखाद्या रुग्णाला झोळीतून खाली आणल्याची बातमी वाचल्यावर.

आपल्या वसतिगृहात अशाच एका गावचा भिलाला समाजाचा मुलगा दहावीपर्यंत शिकला. पुढील प्रवेशासाठी जमातीचा दाखला हवा होता. त्याचे वडील प्लास्टिकच्या पिशवीत सगळी कागदपत्रे घेऊन माझ्याकडे आले. रेशनकार्ड, आधार, वनहक्काच्या दाव्याची झेरॉक्स. हवा होता तो कागद मात्र त्यात नव्हता. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० ही मानीव तारीख आहे. त्या तारखेपूर्वीचा, वाडवडिलांची जमात दर्शविणारा पुरावा मागितला जातो. सपाटीवरचा माणूस आजोबांचा शाळेचा दाखला काढतो, नाहीतर कोतवाल बुकाची नक्कल आणतो. ज्या डोंगरावर आजोबांच्या काळी शाळाच नव्हती आणि जेथील जन्ममृत्यू कोतवालाच्या वहीपर्यंत पोहोचलेच नाहीत, तेथील माणसाने काय आणावे? वडील एवढेच म्हणाले, "सर, आमचा बाप तिथंच जन्मला, तिथंच मेला. कुठं लिहिलं नाही कोणी."

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला वाटले, कोठेतरी असेलच. म्हणून वैशाखात मी त्यांच्याबरोबर वर गेलो. शेवटचे काही अंतर पायीच होते. सलग वस्ती नाहीच; ज्याचे शेत तेथे त्याचे घर, बांबूच्या तट्ट्यांना माती लिंपलेले. मोहाचा हंगाम सरत आला होता, ओट्यावर फुले वाळत होती. बायका झिऱ्यावर वाटीवाटीने पाणी भरत होत्या. हे पाहताना मनात आले की, खाली खारपाणपट्ट्यातील आपली गावे गोड्या पाण्यासाठी सातपुड्यातून येणाऱ्या वान नदीच्या धरणाकडे डोळे लावून बसलेली असतात. पूर्णाकाठच्या विहिरींचे खारे पाणी पिऊन मूत्रपिंडे निकामी झालेली माणसे आपण पाहिली आहेत, तेव्हा त्या पाण्याविरुद्ध माझी तक्रार नाही. परंतु ज्या डोंगराचे पाणी नळाने आपल्या घरी येते, त्या डोंगरावर फेब्रुवारीनंतर झिरे उकरावे लागतात, हे आपल्याला ठाऊक असावे. कागद काही मिळाला नाही.

परतल्यावर शासकीय आदेश चाळताना जे हाती आले, ते अधिक अस्वस्थ करणारे होते. महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रे १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरली. त्यात पश्चिमेस जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल, रावेर तालुक्यांतील गावे आहेत. पूर्वेस अमरावतीचे धारणी व चिखलदरा आहेत. मधला बुलढाण्याचा सातपुडा नाही. डोंगर एकच, माणसे तीच, सोयरिकी इकडून तिकडे होतात. पण १९९६ च्या पेसा कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभेला जो अधिकार मिळाला, तो रावेरच्या पाड्याला आहे आणि आमच्या विद्यार्थ्याच्या गावाला नाही. त्याहूनही जुनी गोष्ट म्हणजे, १९७६ च्या दुरुस्तीपूर्वी विदर्भात अनुसूचित जमातीचा दर्जाच मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी, यवतमाळ अशा ठरावीक तालुक्यांपुरता होता. म्हणजे राज्यघटना लागू होऊन सव्वीस वर्षे आमच्या डोंगरावरचा आदिवासी कागदोपत्री आदिवासी नव्हता.

ही व्यथा आपल्या समाजाला समजावून सांगण्याची गरज पडू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्या मायबापांनी धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या यादीत बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळण्यास १९९० साल उजाडले. त्या चौतीस वर्षांत दाखल्यावर 'बौद्ध' लिहावे की 'महार', या प्रश्नाने किती घरांत रात्री जागवल्या गेल्या! तरी आपल्याजवळ दोन गोष्टी होत्या: बाबासाहेबांचा विचार आणि शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरातील नोंद. डोंगरावर दुसरी नव्हती. आणि पहिली तेथवर नेण्याचे काम आपण केले नाही, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. आपल्यातील तलाठी, शिक्षक, वनरक्षक तेथे बदली झाली की तिला शिक्षा समजतात आणि तालुक्याच्या ठिकाणी खोली करून राहतात. मी स्वतः तरुणपणी अशी एक बदली रद्द करून घेतली होती.

४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतील भाषणात बाबासाहेबांनी भारतीय खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर प्रहार केला, हे आपण भाषणांतून नेहमी सांगतो. ते खेडे गावकूस असलेले होते. कुसाच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे तेथे ठरलेले होते. सातपुड्यावरील गावाला कूसच नाही. तेथे अख्खे गावच बाहेर आहे. म्हणून 'खेडे सोडा, शहरात या' हा आपल्याला तारणारा मंत्र तेथे जसाच्या तसा लावता येत नाही. ते लोक गाव सोडतातच, दिवाळीनंतर मजुरीसाठी, पोरांसह. त्या सोडण्यातून मुक्ती मिळत नाही, शाळेतील नाव तेवढे कटते.

दुसऱ्या टोकाला आदिवासी संस्कृती जपण्याच्या गोड गप्पा मारणारे आहेत. जळगाव जामोद परिसरात निहाल लोकांची निहाली भाषा आहे. जगातील कोणत्याही भाषाकुळाशी तिचे नाते निश्चित झालेले नाही. डच भाषाशास्त्रज्ञ कायपर यांनी १९६२ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. अॅमस्टरडॅमला ही भाषा ठाऊक झाली, पण शासनाच्या यादीत निहाल आजही कोरकू जमातीच्या नोंदीतच एक पोटनाव म्हणून आहेत. त्या भाषेची जपणूक व्हावी, असे मलाही वाटते. पण ती बोलणारी बाळंतीण दवाखान्यात वेळेवर पोहोचली तरच.

रस्त्याला जंगल आडवे येते, असे सांगण्यात येते. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार शाळा, अंगणवाडी, पाणीपुरवठा, रस्ता यांसाठी प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडावी लागत नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीवरून वळती करता येते. ती शिफारस लिहून देण्यास कोणी शिकलेला माणूस लागतो. आपल्या शाळेतून असे शेकडो बाहेर पडले आहेत.

त्या मुलाने तूर्त खुल्या जागेवरून प्रवेश घेतला आहे. दाखल्याचे प्रकरण प्रलंबित आहे. जळगाव तालुका १९०५ साली अकोला जिल्ह्यातून बुलढाण्यात आला, तेव्हा त्याआधीचे दप्तर अकोल्यास असण्याचा संभव आहे. १९५० पूर्वीच्या वनग्रामांतील कुळांच्या याद्या, जंगल खात्याचे चराई व मोहाचे परवाने, यांतही नावापुढे जात लिहिलेली सापडू शकते. महसूल, वन वा भूमी अभिलेख खात्यात असलेल्या, अथवा तेथून निवृत्त झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी अशी एखादी जुनी बासने कोठे आहेत, एवढे जरी शाळेस कळविले, तरी मी आणि त्या मुलाचे वडील तेथे जाण्यास तयार आहोत.