सात विरुद्ध दोन : ज्युरीच्या ‘लोकन्याया’ची दंतकथा

१/ विलेपार्ल्याच्या टिळक मंदिरात जाणाऱ्या प्रत्येकाला लोकमान्यांची मंडालेची शिक्षा ठाऊक असते. पण त्यांना दोषी कोणी ठरवले? न्यायमूर्ती दावरांनी नव्हे, ज्युरीने. ज्युरी म्हणजे लोकांचा आवाज, असे आज ठासून सांगणाऱ्यांनी हा खटला पुन्हा वाचावा.

२/ १९०८. ‘केसरी’तील लेखांवरून राजद्रोहाचा आरोप. सरकारने विशेष ज्युरी मागितली. बॅ. जोसेफ बॅप्टिस्टांनी हरकत घेतली : अशा ज्युरीत युरोपीयांचेच प्राबल्य राहील. हरकत फेटाळली गेली. नऊ जण बसले : सात युरोपीय, दोन भारतीय.

३/ २२ जुलैची रात्र. निकाल : सात विरुद्ध दोन, दोषी. कारणे? एक ओळही नाही. ती देण्याचे बंधनच ज्युरीवर नव्हते. एकमताचीही अट नव्हती. सहा वर्षांची हद्दपारी, हजार रुपये दंड. १८९७ चा आकडाही बोलका आहे : सहा युरोपीय, तीन भारतीय; निकाल सहा विरुद्ध तीन!

४/ हा निकाल स्वीकारला कोणी? ज्युरीने काहीही ठरवले तरी आपण निर्दोषच आहोत, असे टिळकांनी तिथल्या तिथे बजावले. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. १९२३ साली पार्ल्यात लोकमान्य सेवा संघ उभा राहिला. १९५६ साली उच्च न्यायालयाने टिळकांचे तेच उद्गार त्याच दालनाबाहेर संगमरवरावर कोरले. लोकांचा आवाज ज्युरीच्या बाकांवर नव्हता. तो रस्त्यावर होता.

५/ ‘मग नानावटी?’ १९५९ मध्ये ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ म्हटले. सत्र न्यायाधीशांनी असहमती दर्शवून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तेथे सकारण निकालपत्राने नानावटी दोषी ठरला. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केले. आणि ‘या खटल्यानेच ज्युरी संपली’ हीही दंतकथाच : ज्युरी रद्द करण्याची शिफारस विधी आयोगाने १९५८ मध्येच केली होती.

६/ ज्युरी ही सत्ता आणि आरोपी यांच्यामधील ढाल आहे, हा युक्तिवाद थोर आहे. टिळकांनीही त्याच भरवशावर ज्युरीसमोर एकवीस तास भाषण केले. पण ढाल निवडण्याचा अधिकार सत्तेच्याच हाती असेल, तर तिची तलवार होते.

७/ निकालाची प्रतिष्ठा मतांच्या संख्येत नसते, कारणांत असते. कारण लिहिलेले असेल, तर ते खोडता येते. १९०८ च्या त्या सातांनी खोडण्यासारखे काही मागे ठेवलेच नाही.